मेकाँगच्या डोहातले पाकट

कोकणच्या बंदरावर पाकट पाहिलेल्या माणसाला हे खाऱ्या पाण्याचेच जनावर वाटते. कंबोडियात मात्र ते समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, मेकाँग नदीच्या गोड्या पाण्यात राहते, आणि केवढे!

नॉम पेन्हला नदीकाठी चाम मुसलमानांच्या होड्या लागलेल्या असतात. चूल, मुलेबाळे, जाळी, सगळे होडीतच. चाम लोक बहुतेक शाफई, आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच. व्यवसायही पुष्कळांचा मासेमारीचाच. पोल पॉटच्या राजवटीत (१९७५ ते १९७९) या जमातीची भयंकर कत्तल झाली. उरलेल्यांना पुन्हा नदीनेच पोसले. भाषा येईना, पण सलामाला जबाब लगेच मिळाला.

तिथून आम्ही उत्तरेला क्राती आणि पुढे स्टुंग ट्रेंगला गेलो. इथे नदीच्या तळाशी खोल डोह आहेत, काही ८० मीटरपर्यंत. उन्हाळ्यात पाणी उतरले की मोठे मासे त्यांचाच आसरा घेतात. पाकट तळाच्या वाळूत अंग पुरून पडते. तोंड आणि कल्ले पोटाकडे. म्हणून श्वासाचे पाणी ते डोळ्यांमागच्या छिद्रांतून आत घेते. खेकडे, कोळंबी, शिंपले खाते. अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देते. शेपटीवरचा काटा विषारी, वीतभराहूनही लांब.

जून २०२२ मध्ये इथल्या कोह प्रेआ बेटावरच्या एका कोळ्याच्या गळाला मादी लागली. लांबी सुमारे चार मीटर, वजन ३०० किलो! गोड्या पाण्यातल्या माशाचे एवढे वजन त्याआधी कुठेच नोंदलेले नव्हते. काठावर ओढायला डझनभर माणसे लागली. संशोधकांनी कोळ्याला बाजारभावाने सुमारे ६०० डॉलर दिले, मादीच्या अंगावर खुणेचे यंत्र लावले आणि तिला परत नदीत सोडले. नाव ठेवले बोरामी, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र. दाम चोख मिळाला, हे आम्हाला फार आवडले. गरिबाच्या चुलीवर पाणी ओतून मासे वाचत नाहीत.

खरी धास्ती धरणांची आहे. पुराबरोबर गाळ येतो, मासे वरखाली फिरतात. प्रवाह अडला तर डोह भरतील आणि वाटा तुटतील. कंबोडियाने २०२० मध्ये मेकाँगच्या मुख्य प्रवाहावरची नवी धरणे दहा वर्षांसाठी थांबवली. ती मुदत २०३० ला संपते. पण वरच्या अंगाला चीन आणि लाओसमध्ये धरणे उभी आहेतच, आणि खालच्या होड्यांतली चाम कुटुंबे त्याच पाण्यावर जगतात.