पार्थसारथीची मिशी

चेन्नईत तिरुवल्लिक्केणीच्या देवळातून बाहेर पडलेला यात्रेकरू आमच्या दुकानाशी थांबतो आणि पिशवीत मावेल असा पार्थसारथी मागतो. वीतभर फळीवरच्या त्या चित्रात मला आयुष्यभर एकाच जागेनं छळलं आहे, ती म्हणजे मिशी.

गाभाऱ्यातला हा कृष्ण अर्जुनाचा सारथी आहे. हाती शंख आहे, चक्र नाही आणि ओठावर भरघोस मिशी. उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर तर भीष्मांच्या बाणांचे व्रण आहेत. आमच्या तंजावरी कलमाला मात्र लोणी खाणारा गुबगुबीत कृष्ण सवयीचा. त्याच गोल चेहऱ्यावर मिशी चढवली की देव नाटकातला राजा दिसायला लागतो. रेघ नाकपुडीखाली भरीव हवी, ओठाच्या कोपऱ्याशी वर वळून गालावर केसाएवढी होत विरायला हवी, आणि मध्ये कुंचला उचलायचा नाही. डावी बाजू हात आपसूक काढतो. उजवी तिच्या जोडीची येईल याची मला आजही खात्री नसते. ऐप्पशी महिन्याच्या पावसात खालचा रंग वरून कोरडा वाटतो, आतून ओलाच असतो; मग रेघ फुटते.

तंजावरी चित्रातल्या सोन्याचं कौतुक मला कधीच वाटलं नाही. वर्ख आणि खडे धीरानं कुणीही बसवील. हल्ली छापील चित्रावर सोनेरी कागद चिकटवून ‘तंजावर’ म्हणून विकतात, त्याची मला मनापासून चीड येते. खरी तंजावरी विद्या राजू आणि नायडू समाजातल्या चिताऱ्यांची. तंजावरच्या मराठा सरफोजीराजांच्या काळात ती बहरली. 1855 मध्ये तंजावरचं राज्य खालसा झालं, राजाश्रय संपला. आम्ही मराठी कारकुनांच्या घरातले. माझ्या आजोबांनी एका राजू चिताऱ्यापुढे बसून हात घडवला.

यंदा माझा उजवा हात कापायला लागला आणि मिशी भाचीकडे गेली. तिची रेघ स्वच्छ येते, दोन्ही बाजूंना सारखी. गिऱ्हाईक तिचं चित्र उचलतं तेव्हा अभिमान वाटतो. पण ‘मामा, तुमचा हात अजून तसाच आहे’ असं कुणी म्हणालं, तर मी गप्प राहतो. ती शेजारीच बसलेली असते, तरीही. या गल्लीत मिशी माझी, हा मान मला अजून सोडवत नाही.

तुम्ही कधी इकडे आलात आणि चित्र घेतलंत, तर आधी मिशीच्या दोन्ही बाजू नीट बघा. सोनं मग बघा.