कोरी दहा वर्षे

जिनो बार्ताली या इटालियन सायकलपटूच्या विजयांची यादी वाचताना माझी नजर एका रिकाम्या जागेपाशी थबकली. ‘तूर द फ्रान्स’ ही अत्यंत खडतर सायकल-शर्यत त्याने १९३८ साली जिंकली आणि त्यानंतर एकदम १९४८ साली. मधली दहा वर्षे कोरी!

माझ्याही आयुष्यात अशी कोरी जागा आहे. आईच्या दीर्घ आजारपणात माझी चार वर्षे लेखणीविना गेली. मनातल्या वहीत त्यांच्यापुढे मी ‘वाया’ असा शब्द लिहून ठेवला होता.

व्यावसायिक सायकलपटूला तर वर्षे मोजूनच मिळतात. फ्लॉरेन्सजवळच्या पोंते आ एमा या गावी १९१४ साली जन्मलेल्या जिनोने १९३६ साली आपला भाऊ जुलिओ शर्यतीतील अपघातात गमावला. तेव्हा सायकल कायमची सोडावी, असे त्याच्या मनात आले होते. त्या दुःखातून तो उभा राहिला, तोच महायुद्ध आले. १९४० ते १९४६ या काळात ‘तूर’ भरलीच नाही.

परंतु ती वर्षे खरोखर कोरी होती काय? जर्मन अंमलाखालील इटलीत या श्रद्धावंत माणसाने एका ज्यू कुटुंबाला आसरा दिला. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या विनंतीवरून, सरावाच्या मिषाने, तो सायकलच्या नळ्यांत ज्यूंसाठी बनावट कागदपत्रे दडवून नेत असे, अशा साक्षी आहेत. त्यांच्या तपशिलाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि जेरुसलेममधील ‘याद वाशेम’ संस्थेने २०१३ साली ‘राष्ट्रांतील नीतिमान’ म्हणून त्याचा गौरव केला. तो ऐकायला जिनो नव्हता. २००० सालीच त्याने जगाचा निरोप घेतला होता. हयातीत त्याने या कार्याचा गवगवा केला नाही.

१९४८ च्या शर्यतीत तो चौतिशीला टेकला होता. फ्रान्सचा लुई बोबे त्याच्या २१ मिनिटांहून अधिक पुढे होता. तशात १४ जुलैला रोममध्ये कम्युनिस्ट नेते तोलियात्ती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि इटली यादवीच्या काठावर आली. दुसऱ्या दिवसापासून जिनोने आल्प्सच्या घाटांतून लागोपाठ तीन टप्पे जिंकले आणि शेवटी शर्यतही!

त्या विजयाची नोंद यादीत आहे. आसरा दिलेल्या कुटुंबाची नाही. तसा रकानाच त्या यादीत नाही.

माझ्या वहीतला ‘वाया’ हा शब्द आज मी खोडला. त्याच्या जागी कोणता शब्द लिहावा, हे मात्र अजून सुचलेले नाही.