सोबत्यांसह आत

१९५८ च्या मे महिन्यात पंढरपुरात सर्वोदय संमेलन भरायचं होतं आणि गावात वेगळीच धास्ती पसरली होती. विनोबा भावे येणार, त्यांच्याबरोबर मुसलमान आणि ख्रिस्ती माणसं असणार, आणि त्या सगळ्यांना घेऊन ते विठ्ठलाच्या देवळात शिरणार! भूदानासाठी सात वर्षं पायी फिरणाऱ्या या माणसाची रीत मात्र नेमकी उलटी होती. बोलावणं नसेल तिथे जायचं नाही, आणि सोबत्याला मज्जाव असेल तर आपणही बाहेरच थांबायचं.

ही रीत अंगाला मार बसून ठरलेली होती. सप्टेंबर १९५३ मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या वैद्यनाथधामला ते दर्शनाला गेले, तेव्हा सोबत हरिजन होते. प्रवेशाला हरकत नाही असं त्यांना सांगण्यात आलं होतं, पण पंड्यांनी मारहाण केली. सोबत्यांनी विनोबांभोवती कडं केलं आणि त्यांच्यावरचे घाव आपल्या अंगावर घेतले. तरीही एक तडाखा त्यांच्या कानावर बसला आणि तो कान अधू झाला. ज्यांनी मारलं त्यांनी ते अज्ञानाने केलं, त्यांना शिक्षा होऊ नये, असं निवेदन विनोबांनी काढलं. पुढे १९५५ मध्ये जगन्नाथपुरीला त्यांच्याबरोबर एक फ्रेंच बाई होती. तिला प्रवेश नाही म्हटल्यावर ते दारातूनच परतले. केरळात गुरुवायूरला ख्रिस्ती सोबत्यांना नकार मिळाला, तेव्हाही तेच. जगन्नाथाच्या दर्शनाची ओढ त्यांना कमी नव्हती. कोकणातल्या गागोदे गावात, अत्यंत भाविक आईच्या सहवासात वाढलेला हा माणूस. म्हणूनच ते परतणं साधं नव्हतं.

परधर्मीय मित्राला सोडून आत न जाणाऱ्या विनोबांनी त्या मित्रांच्या धर्माकडे जाण्यासाठी किती कष्ट घेतले होते, हे फारसं सांगितलं जात नाही. वर्ध्याजवळ राहत असताना, १९३९ च्या सुमारास, त्यांनी कुराणाचा अभ्यास हाती घेतला. भाषांतरं वाचून समाधान होईना, म्हणून चाळिशी उलटल्यावर ते अरबी शिकले. उच्चार बिनचूक यावेत यासाठी रेडिओवरून होणारं कुराणपठण कान देऊन ऐकत आणि तसंच घोकत. मौलाना आझाद गांधीजींच्या भेटीला आले असताना विनोबांनी त्यांच्यासमोर आयती म्हटल्या, तेव्हा मौलाना त्या उच्चारांनी चकित झाले होते. 'गीताई' लिहिणारा, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर प्रवचनं देणारा माणूस तितक्याच आस्थेने हे करत होता. शेजाऱ्याच्या ओसरीवर बसायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात. विनोबांच्या लेखी दुसऱ्याचा धर्मग्रंथ मुळातून शिकणं हे तसंच होतं.

या शिकण्याला धार आली ती फाळणीनंतर. १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर, ते निर्वासितांच्या आणि मेव मुसलमानांच्या पुनर्वसनाच्या कामात होते. अजमेरला ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्याभोवतीचे मुसलमान तेव्हा भयाने ग्रासलेले होते. विनोबा तिथे सात दिवस राहिले, रोज दर्ग्यात जाऊन लोकांमध्ये बसले. अखेरच्या दिवशी तिथेच प्रार्थना झाली, त्यात गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणं म्हटली गेली आणि मग नमाज झाली. नंतर लोक एकेक करून पुढे येत आणि त्यांच्या हाताचं चुंबन घेऊन जात. त्या अखंड रांगेत विनोबांना एक उणीव दिसली: बाई एकही नव्हती. ज्यांनी इतक्या प्रेमाने आपल्याला आत घेतलं, त्यांना ती उणीव त्यांनी तिथल्या तिथे बोलून दाखवली. मैत्रीत एवढी मोकळीक नसेल तर ती नुसती शिष्टाई ठरते.

आता पंढरपूर. या गावाच्या देवळाशी सर्वोदयाच्या माणसांची एक जुनी जखम जोडलेली होती. अस्पृश्यांना विठ्ठलमंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केलं होतं. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचनं टिपून ठेवणारे ते हेच साने गुरुजी. इथे एक भेद नीट पाहायला हवा. दलितांचा मंदिरप्रवेश हा हक्काचा प्रश्न होता. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो आमंत्रणाची वाट पाहण्यासाठी नव्हता आणि तसा नसणंच योग्य होतं. ज्याचा हक्क नाकारला गेला आहे, त्याला थांब म्हणणं हा अन्याय लांबवणं असतं. परधर्मीय मित्राची गोष्ट निराळी. त्याला जबरदस्तीने आत नेलं तर दार उघडेल, पण घरचे लोक दुरावतील, आणि पाहुणाही अवघडेल. म्हणून इथे थांबणं हेच काम.

आणि ते फळलं. पंढरपुरात आधी पुंडलिकाच्या देवळातल्यांचं बोलावणं आलं, मग रुक्मिणीच्या, आणि शेवटी विठ्ठलमंदिराचे पुजारी बडवे आले, लेखी आमंत्रण घेऊन. विनोबा आत गेले तेव्हा त्यांच्यासोबत एक मुसलमान मुलगी होती, एक जर्मन ख्रिस्ती बाई होती. विठ्ठलापुढे उभं राहिल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. साने गुरुजी हे पाहायला नव्हते. ते १९५० मध्येच गेले होते. पंढरीची वाट मुसलमानांना परकी नव्हती. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी आजही अनगडशाह बाबांच्या दर्ग्याशी थांबते, तिथे आरती होते. श्रीगोंद्याचे मुसलमान संत शेख महंमद वारकऱ्यांना आपले वाटतात. त्या वाटेवरच्या गावाने आमंत्रण द्यावं यात नवल नव्हतं, नवल होतं ते इतकी शतकं जाण्याचं.

पुढच्या वर्षी संमेलन अजमेरला होतं. या वेळी दर्ग्याकडूनच बोलावणं आलं आणि विनोबांनी संमेलनाला आलेल्या सगळ्यांना, सर्व धर्मांच्या पुरुषांना आणि स्त्रियांना, दर्ग्यात चला म्हणून सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीची ती उणीव त्यांच्या ध्यानात होती.

१९६२ साली 'कुराण-सार' प्रसिद्ध झालं. त्यानंतर 'ख्रिस्तधर्म-सार'ही आलं. भूदानात मिळालेल्या जमिनीपैकी बरीचशी कधी वाटलीच गेली नाही, ही त्या चळवळीवरची टीका खरी आहे. पण त्याच पायपिटीत घडलेलं हे दुसरं काम एकरांत मोजता येत नाही, म्हणून ते हिशेबाबाहेर राहू नये.

१९६२ च्याच सप्टेंबरात, आसामातून बंगालकडे येताना, विनोबा पूर्व पाकिस्तानातून गेले. फाळणीला अवघी पंधरा वर्षं झाली होती. वाटेत वळसा घालता आला असता. ते सोळा दिवस तिथल्या गावांतून चालले, तिथल्या लोकांबरोबर मौनात बसून प्रार्थना केली, आणि भारतात मागत तशीच भूमिहीनांसाठी जमीन मागितली. पाकिस्तानातल्या शेतकऱ्यांनी ती दिली, आणि ती तिथल्याच भूमिहीनांची झाली.