परतीचें तिकीट

‘परत’ हा शब्द मराठींत फार साधा समजला जातो. उसनें नेलेलें भांडें परत येतें, पत्ता चुकलेलें पत्र परत येतें, गांवीं गेलेला मनुष्य परत येतो. त्याच्या अर्थाविषयीं कोणाच्या मनांत संशय म्हणून उत्पन्न होत नाहीं. परंतु ज्या घरांतील मुलगा समुद्रापलीकडे जाऊन राहिला आहे, त्या घरांत या शब्दाची दिशा केव्हां फिरली, हें घरच्या माणसांनाहि सांगतां येत नाहीं. आमचे एक बालमित्र १९९१ सालीं शिक्षणासाठीं अमेरिकेस गेले. पहिलीं पांचसात वर्षें त्यांच्या मातोश्रींच्या तोंडीं ‘तो परत आला म्हणजे’ हें पालुपद असे, आणि तेथें ‘परत’ म्हणजे सदाशिव पेठेंत, याविषयीं वाद नव्हता. पुढें मित्रांचें लग्न झालें, तिकडे घर झालें, मुलें झालीं, आणि ते दर दोन वर्षांनीं तीन आठवड्यांसाठीं येऊं लागले. तेव्हां शेजारपाजारचे लोक त्यांस पाहतांच विचारीत, “केव्हां आलास? आणि परत केव्हां?” या दुसऱ्या ‘परत’चा अर्थ न्यू जर्सी असा होता. विचारणाऱ्यास त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं, ऐकणाऱ्यासहि नाहीं. परतीचें तिकीट आतां त्या बाजूचें निघूं लागलें होतें.

गेल्या दिवाळींत या मित्रांचें पत्र आलें. तें संगणकावरून आलें असलें तरी खरोखरीचें पत्र होतें. म्हणजे त्यांत खाडाखोड केल्याच्या खुणा दिसत नसल्या तरी खाडाखोड झाली होती हें कळत होतें. काकू—मित्रांच्या मातोश्रींस आम्ही लहानपणापासून काकूच म्हणतों—न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या होत्या आणि त्यांच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली होती. वय शहाऐंशी. दिवसरात्रीसाठीं बाई ठेवली आहे, शेजार चांगला आहे, आम्हीहि एक दिवसाआड जाऊन येतों. पण मुलाचें चित्त ठिकाणावर नव्हतें. पत्राच्या शेवटीं त्यांनीं लिहिलें होतें, “आतां परत यावें असें वाटतें. तूं त्या वेळीं आलास. मला तेवढें धैर्य झालें नाहीं. म्हणून तुलाच विचारतों.”

हें वाक्य वाचून आम्हांस प्रथम काय वाटलें असेल, तर खरें सांगावयाचें म्हणजे, बरें वाटलें. सल्ला मागणारें पत्र वाचतांना मनुष्य आपोआप जरा ताठ बसतो. शिवाय आम्ही पडलों इतिहासाचे अध्यापक. स्वतःचें मत देण्यापूर्वीं दाखले जमविण्याची आमची जुनी खोड. आम्ही लिहावयास बसलों, आणि दाखल्यांस तोटा नव्हता. रँग्लर परांजपे १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनिअर रँग्लर झाले. त्या पदवीच्या जोरावर त्यांस कोठेंहि मानाची जागा मिळती. ते पुण्यास आले आणि १९०२ सालीं फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. इरावतीबाई कर्वे यांनीं १९३० सालीं बर्लिन येथें डॉक्टरेट मिळविली आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजांत बसून आपल्या समाजाचा अभ्यास उभा केला. जयंतराव नारळीकर १९५७ सालीं केंब्रिज येथें गेले; तेथें जगन्मान्य झाल्यावर १९७२ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले, आणि पुढें पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या ‘आयुका’ या संस्थेचे संस्थापक संचालक झाले. अशा दाखल्यांनीं आमचें पत्र चार पानें वाढलें. त्याचा सूर अर्थात् ‘या, मायभूमि आपली वाट पाहत आहे’ असा होता.

तें पत्र पाठविण्यापूर्वीं आम्हीं आमच्या मंडळींना वाचून दाखविलें. त्या भाजी निवडीत होत्या. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “हें पत्र आहे कीं सत्काराचें भाषण? आणि तुम्ही कशासाठीं परत आलांत, तें यांत कोठें लिहिलें आहे?”

वाचकहो, या प्रश्नापाशीं आमची लेखणी थांबली. आम्ही १९९३ सालीं शिष्यवृत्ति मिळवून इंग्लंडास गेलों आणि १९९६ सालीं परत आलों, हें आमच्या परिचितांस ठाऊक आहे. जें ठाऊक नाहीं तें असें कीं, त्या शेवटच्या वर्षीं आम्हीं तिकडील अकरा विद्यापीठांकडे नोकरीसाठीं अर्ज केले होते आणि अकराहि ठिकाणांहून सभ्य भाषेंत नकार आला होता. वडिलांस अर्धांगवायूचा झटका आला ही गोष्ट खरी. त्यांची शुश्रूषा आम्हीं चार वर्षें केली हेंहि खरें. परंतु झटक्याची वार्ता येण्यापूर्वींच आमची शिष्यवृत्ति संपली होती आणि विमानाचें तिकीटहि निघालें होतें. अकरांपैकीं एकाहि विद्यापीठानें ‘या’ म्हटलें असतें तर आम्हीं काय केलें असतें, हें आम्हांस निश्चित सांगतां येत नाहीं. आणि निश्चित सांगतां येत नाहीं याचा अर्थ काय होतो, तें न कळण्याइतके आम्ही भोळे नाहीं.

पुण्यास आल्यावर एका स्नेहसंमेलनांत अध्यक्षांनीं आमचा परिचय करून देतांना सांगितलें कीं, परदेशचे मानमरातब झुगारून केवळ मातृभूमीच्या ओढीनें हे गृहस्थ परत आले आहेत. टाळ्या झाल्या. आम्ही समोरच्या हाराकडे पाहत बसलों. आम्ही खोटें बोललों नाहीं. दुसऱ्यानें बोललेलें खोटें फक्त ऐकून घेतलें. पण ऐकून घेतलेलें खोटें हें ठेवीसारखें असतें. तें व्याजासह वाढतें. तीस वर्षांत तें इतकें वाढलें कीं, आम्हीहि त्यावर गुजराण करूं लागलों. आणि सात समुद्रांपलीकडे एक मनुष्य त्याच तीस वर्षांत, आपल्या आईला फोन करून ठेवतांना, आमच्याशीं स्वतःची तुलना करून खजील होत होता. ही गोष्ट आमच्या ध्यानींमनींहि नव्हती.

आम्हीं पहिलें पत्र फाडून टाकलें आणि दुसरें लिहिलें. तें एका पानाचें होतें. वरील सर्व हकीकत लिहून शेवटीं आम्हीं म्हटलें, “तुझ्या तराजूंत माझें नांव घालूं नको, तें वजन खोटें आहे. त्यावांचून जें पारडें झुकेल तें खरें.”

तीन आठवडे उत्तर आलें नाहीं. मग जानेवारींत ते स्वतःच आले.

आम्ही दोघे पहांटे वेताळ टेकडीवर फिरावयास जात असूं. तेथें त्यांनीं आपला हिशेब मांडला. हा हिशेब ऐकल्यावांचून परतण्याविषयीं उपदेश करणें हा केवळ वाचाळपणा आहे, असें आमचें आतां मत झालें आहे. त्यांनीं तिकडचें नागरिकत्व घेतलें आहे. आणि १९५५ च्या आपल्या कायद्याप्रमाणें परदेशचें नागरिकत्व स्वेच्छेनें घेणाऱ्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. २००५ नंतर अशांस ‘ओसीआय’ म्हणून जें पत्र मिळूं लागलें त्यावर येथें आजन्म राहतां येतें. पण मतदान करतां येत नाहीं, आणि वारशानें आली तर गोष्ट वेगळी, एरवीं शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. ज्या गांवांत आजोबा पंचायतीच्या निवडणुकींत हिरिरीनें पडत, त्या गांवांत नातू पाहुणा. तिकडे दहा वर्षें काम केल्यानें मिळणारें सरकारी निवृत्तिवेतन येथें बसून घेतां येतें. परंतु पासष्टीनंतरचा तिकडचा सरकारी आरोग्यविमा येथील रुग्णालयाचें बिल सहसा भरीत नाहीं. म्हातारपणीं पैसा एका देशांत आणि औषध दुसऱ्या देशांत, अशी ही स्थिति. तरुणांच्या चिंता आणखी निराळ्या. त्यांच्या व्हिसाच्या प्रत्येक नव्या अर्जावर १ लाख डॉलर शुल्क बसविण्याची घोषणा अमेरिकेच्या अध्यक्षांनीं सप्टेंबर २०२५ मध्यें केली, तेव्हां पुण्यांतील कित्येक घरांत त्या रात्रीं झोप लागली नसेल. आमच्या मित्रांस ती धास्ती नव्हती. त्यांस कोणी घालवीत नव्हतें; म्हणूनच निर्णय करणें कठीण होतें.

“आणि वहिनी काय म्हणतात?” आम्हीं विचारलें. मित्र कांहीं वेळ चालत राहिले. मग म्हणाले, “ती म्हणते, तुम्ही परत जाल तें तुमच्या पुण्यास. माझें माहेर सांगलीचें. मी पुण्यांत राहिलें तें लग्नानंतरचे पांच आठवडे, सून म्हणून. मी कोठें परत जाऊं?” त्यांची कन्या चोवीस वर्षांची आहे, मुलगा एकवीस, त्यांच्या दृष्टीनें तर ‘परत’ हा शब्दच लागू नाहीं. एकाच घरांतील चार माणसें एकाच विमानांत बसलीं, तर त्यांपैकीं एकटाच परत येतो. बाकीचीं तिघें परदेशीं जातात. ही गोष्ट आमच्या चार पानी पत्रांत आली नव्हती.

टेकडीवरून उतरून आम्ही एके दिवशीं त्यांच्या जुन्या वाड्याच्या जागेवर गेलों. वाडा पाडून तेथें सात मजली इमारत झाली आहे, आणि तिच्याच तिसऱ्या मजल्यावर काकू राहतात. मोटारी उभ्या करण्याच्या जागेंत एका खांबापाशीं उभे राहून मित्र म्हणाले, “येथें पारिजातक होता.” त्यांचा आवाज थोडा बदलला. आम्हांस तो पारिजातक आठवत होता. पण तो केव्हां तोडला तें मात्र आठवेना, आणि आम्ही तर येथेंच होतों! तेव्हां आमच्या लक्षांत आलें कीं, ज्या पुण्याची ओढ त्यांस लागली आहे तें पुणें आमच्याहि वांट्यास राहिलेलें नाहीं. भेद इतकाच, त्याच्या जाण्याची बातमी आम्हांस हप्त्याहप्त्यानें मिळाली आणि त्यांस एकदम. पुण्यासाठीं म्हणून जो परत येईल तो फसेल. कारण तें देण्यासारखें आम्हां राहिलेल्यांजवळहि नाहीं.

मग त्या थोरांचे दाखले व्यर्थ काय? तसें नव्हे, ते आम्हीं उलटे वाचले होते. परांजपे, इरावतीबाई, नारळीकर हीं माणसें जुन्या वाड्याकडे परत आलीं नाहींत. तीं एका कामाकडे आलीं, आणि काम हें मागें नसून पुढें असतें. शिवाय इतिहासांत दुसरेहि दाखले आहेत, जे सत्काराच्या भाषणांत येत नाहींत. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठीं देश सोडून गेले आणि मेक्सिकोंत नामांकित कृषितज्ज्ञ झाले. ते नागपुरास स्थायिक होण्यासाठीं आले ते १९५५ सालीं, आयुष्य बहुतेक सरल्यावर. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मायदेशीं आल्या, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयांतील नेमलेल्या जागेवर रुजू होण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत वारल्या. त्यांची रक्षा पुढें अमेरिकेंतील कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवली गेली. बावीस वर्षेंहि पुरीं न झालेल्या त्या मुलीचें परतणें कोणत्या दिशेचें म्हणावें?

राहतां राहिल्या काकू. निघण्याच्या दोन दिवस आधीं मित्रांनीं धीर करून त्यांच्यापुढें विषय काढला. काकू खुर्चींत बसल्या होत्या, हाताशीं चालण्याचा चौकटीचा आधार. त्या म्हणाल्या, “माझ्यासाठीं म्हणून येऊं नकोस. तूं सगळें सोडून आलास, म्हणजे मी किती दिवस जगतें याकडे सगळ्यांचें लक्ष. मग मला मोकळेपणानें आजारीसुद्धां पडतां यायचें नाहीं.” यावर आम्ही दोघे अध्यापक आणि अभियंता गप्प बसलों.

जावयाच्या दिवशीं रात्रीं मोटार खालीं उभी होती. आपल्याकडे घराबाहेर पडणारा मनुष्य ‘जातों’ म्हणत नाहीं, तें अशुभ. तो ‘येतों’ म्हणतो. मित्रांनीं वांकून नमस्कार केला आणि चौतीस वर्षें म्हणत आले तसें म्हणाले, “आई, येतों.” चौतीस वर्षें काकू यावर केवळ ‘ये’ म्हणत आल्या, पाहुण्यास म्हणतात तसें, कांहींहि न विचारतां. त्या दिवशीं त्यांनीं चौकटीवरचा हात उचलून मुलाच्या मनगटावर ठेवला आणि विचारलें,

“केव्हां?”

मित्रांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. ते म्हणाले, “जूनमध्यें. सहा महिने बिनपगारी रजा मागितली आहे. पुढचें पुढें.”

काकूंनीं मान हलविली. मग बाईंस हांक मारून त्यांनीं कपाटावरचें नवें दिनदर्शक काढावयास सांगितलें.