पटावरची भीती आणि 'आपण'



रविवारच्या संपर्क सत्रासाठी मी पेणहून रोह्याला येते, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे. सत्र संपल्यावर मी कोठे जाते, हे मात्र मी वर्गात कधी सांगितले नाही. धाटावच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून, डोळ्यांवरची झोप सारत तुम्ही समोर बसता आणि मी तुम्हाला सर्वनामांचे प्रकार शिकवते. त्याच दिवशी दुपारी मी भावाच्या घरी एका पडक्या हवेलीतून जीव मुठीत धरून धावत असते, हे सांगायला संकोच वाटे. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापिकेला हे शोभते का, असे तुम्हाला वाटले असते. आज ते सांगायचे आहे, कारण त्या हवेलीत मला सर्वनामांविषयी असे काही कळले, जे पीएच.डी.च्या प्रबंधात कळले नव्हते.

खेळाचे नाव 'मॅन्शन्स ऑफ मॅडनेस'. भाच्याने तो मित्राकडून आणला होता. २०११ साली तो प्रथम आला, तेव्हा एक खेळाडू बाकीच्यांच्या विरुद्ध खेळत असे आणि राक्षसांची बाजू सांभाळत असे. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते काम टॅब्लेटवरच्या ॲपकडे गेले आणि माणसे सगळी एका बाजूला आली. सारीपाटापासून सापशिडीपर्यंत आपल्याला माहीत असलेल्या पटावरच्या खेळांत कोणीतरी जिंकते तेव्हा कोणीतरी हरते. इथे जिंकायचे तर सगळ्यांनी, हरायचे तरी सगळ्यांनी. अशा खेळांना 'सहकारी' म्हणतात. आपल्याकडे या शब्दाबरोबर पतपेढी आणि साखर कारखाना आठवतो, त्याला माझा इलाज नाही.

पट आधी मांडलेला नसतो. दार उघडले की ॲप पुढची खोली सांगते आणि ती पटावर येते. प्रत्येकाला आपल्या पाळीत दोन कृती करता येतात: चालणे, शोधणे, दार उघडणे, कोणाशी बोलणे. आठ पैलूंचे फासे टाकून यश ठरते. एका गोष्टीला दोन-तीन तास लागतात. शेवटी रहस्य उलगडते किंवा सगळे मरतात. आमच्या घरी बहुधा दुसरेच घडे.

या भीतीचे मूळ एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) या अमेरिकन लेखकाच्या कथांमध्ये आहे. त्याची 'द कॉल ऑफ कथुल्हू' ही कथा १९२८ साली 'वियर्ड टेल्स' या मासिकात आली. त्याच्या कितीतरी कथांचा निवेदक एकटा असतो. तो जुने कागद वाचतो, नको ते जाणतो आणि त्या जाणिवेसह एकटाच उरतो. १९८१ साली त्या कथांवरून संवादातून खेळायचा खेळ निघाला, १९८७ मध्ये 'आर्कहॅम हॉरर' हा पटावरचा खेळ आला, आणि त्या एकट्या 'मी'च्या जागी टेबलाभोवती बसलेली चार-पाच माणसे आली. साहित्याच्या इतिहासात याची कोणी नोंद घेत नाही. माझ्या मते ती घेण्याजोगी आहे.

मराठी वाचकाला एकट्याची भीती परकी नाही. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथा आमच्या पिढीने पांघरुणात शिरून, एकेकट्याने वाचल्या. त्याआधीची भीती मात्र सामुदायिक होती. रोह्याच्या घरी पावसाळ्यात दिवे गेले की आजी सांगे: नागोठण्याच्या अलीकडे अमक्याला चकवा लागला म्हणे, रात्रभर तो एकाच शेताला फेऱ्या घालत राहिला म्हणे, सकाळी पाहतो तर घर हाकेच्या अंतरावर. या 'म्हणे'कडे लक्ष द्या. 'म्हणणे' या क्रियापदाचे हे गोठलेले रूप ऐकीव माहितीवर शिक्का मारते. मी पाहिले नाही, कोणीतरी सांगितले, असे त्यातून बोलणारा सुचवतो. आजीच्या गोष्टीत भूत आणि आम्ही यांच्यामध्ये हे 'म्हणे' दाराच्या आडण्यासारखे असे. आम्ही घाबरत असू, पण आडणा पक्का होता.

खेळात 'म्हणे' नाही. ॲपवरचा मजकूर इंग्रजीत असतो आणि तो वाचणाऱ्याला उद्देशून, वर्तमानकाळात असतो. वहिनीला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच रविवारी मजकूर मराठीत करून वाचण्याचे काम माझ्याकडे आले. मी माझ्या सवयीच्या भाषेत सुरुवात केली: भिंतीमागे काहीतरी खरवडल्याचा आवाज तुम्हाला ऐकू येतो. नववीतली भाची वैतागली.

"आत्या, 'तुला' म्हण ना. 'तुम्हाला' म्हटलं की भीतीच वाटत नाही."

तिचे बरोबर होते. इंग्रजीतल्या 'यू'ला एकवचन-अनेकवचन, जवळीक-आदर यांपैकी काहीच सांगावे लागत नाही. मराठीत बोलणाऱ्याला ते ठरवावे लागते, आणि क्रियापदात लिंगही दाखवावे लागते. भाचीने वेंडी ही अनाथ मुलगी घेतली होती, भाच्याने यॉरिक हा थडगी खोदणारा. वहिनीने मिन्ह ही सेक्रेटरी घेतली, कारण चित्रात तिचे टेबल नीटनेटके असणार असे तिला वाटले. मी अगाथा ही संशोधिका. मी पात्रांना बाजूला ठेवून समोरच्या माणसाशी बोलू लागले. "तू दार उघडतेस. आत दिवा नाही." भाचीने मांडी आवळून घेतली. तुम्हीही घरी करून पाहा: एखादे भीतीचे वाक्य 'तुम्ही'ने, मग 'तू'ने, मग शेवटी 'म्हणे' जोडून मोठ्याने वाचा आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पाहा.

ॲप 'यू' म्हणे, पण खेळणारी माणसे आपसात 'आपण' म्हणत. 'आपण आधी तो जिना बघू.' 'आपल्याकडे किल्ली आहे का?' इंग्रजीच्या 'वी'मध्ये किंवा हिंदीच्या 'हम'मध्ये ऐकणारा धरला आहे की नाही, हे शब्दावरून कळत नाही. मराठीत 'आपण' म्हटले की ऐकणारा आत, 'आम्ही' म्हटले की बाहेर. गुजरातीत हा भेद आहे, तेलुगू-तमिळमध्येही आहे; मराठीत तो द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा, असे मत भाषाशास्त्रात मांडले जाते. शब्द मात्र आपल्याच घरचा आहे, संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृतातून आलेला. स्वतःसाठी असलेल्या शब्दाने समोरच्यालाही आत घेतले, हा प्रवास मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे.

वहिनीची भाषा त्या टेबलाशी बदलली. एरवी तिची वाक्ये 'तुम्ही जेवून घ्या', 'तुम्ही ठरवा' अशी असत. इथे ती म्हणे, "थांबा, आपण उगाच पळतोय. दुवे राखून ठेवू, शेवटी लागतील." महिन्याचा खर्च तीस तारखेपर्यंत पुरवणाऱ्या बाईला दुवे राखणे अवघड नव्हते. दादा खेळत नसे. आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसे, पण पान बराच वेळ उलटत नसे.

ऑगस्टमधला चौथा रविवार. बाहेर एवढा पाऊस, की मला मोठ्याने वाचावे लागत होते. या खेळात शरीराच्या जखमांबरोबर मनाच्या जखमाही मोजतात. मनोबल संपले की पात्राला वेड लागते आणि त्या खेळाडूला एक कार्ड मिळते. ते त्याने एकट्याने वाचायचे, पालथे ठेवायचे, कोणाला सांगायचे नाही. काही कार्डांनी त्याची जिंकण्याची अटच बदललेली असते. सगळ्यांबरोबर बसून तो आता निराळा खेळ खेळत असतो. भाच्याला ते कार्ड मिळाले. त्याने वाचले, चेहरा न बदलता खाली ठेवले आणि खेळ पुढे सुरू झाला.

दहा-पंधरा मिनिटांनी मला काहीतरी खटकले. "तुम्ही तिघी वर जा, मी इथे बघतो," तो म्हणत होता. "तुमच्याकडे किल्ली आहे ना?" एरवी 'आपली किल्ली' म्हणणारा मुलगा. मी बोट रोखून म्हटले, "याची अट बदललेली आहे." तो हसत सुटला. "कसं ओळखलंस?" मी शिक्षकी तोऱ्यात सांगितले की, पाव तासात तू एकदाही 'आपण' म्हणाला नाहीस. सगळे हसले, मला शाबासकी मिळाली, आणि आम्ही हरलो.

परतीच्या गाडीत मी त्याच तोऱ्यात होते. नागोठण्याला गाडी थोडी थांबली, आणि खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघताना मला त्याची दुसरी वाक्ये आठवू लागली. जेवताना दादा म्हणे, "पुढच्या वर्षी आपण शेवटच्या वर्षाची फी भरली की सुटलो." तो म्हणे, "बघा तुम्ही." कॉलेजचा विषय निघाला की, "तुम्ही घेतलेली ॲडमिशन." वडिलांना तो 'तुम्ही'च म्हणतो, त्यामुळे आदराच्या 'तुम्ही'आड अनेकवचनी 'तुम्ही' लपून गेले होते. निदान मला तरी ते ऐकू यायला हवे होते. खेळात पंधरा मिनिटांत कळले ते घरात सहा महिने कळले नाही. सर्वनामे शिकवून मी पगार घेते.

पुढच्या रविवारी तो मला स्कूटरवरून स्टेशनवर सोडायला आला. फलाटावर मी विचारले, "तुझ्या कार्डावर काय आहे?" खेळातले नव्हे, हे त्याला समजले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की, जानेवारीपासून तो कॉलेजला गेलेला नाही, परीक्षेला बसलेला नाही. सकाळची गाडी तीच, फक्त उतरायचे स्टेशन निराळे: हमरापूर. तिथल्या एका गणपतीच्या कारखान्यात तो काम करत होता. पेणमध्ये, गणपतींच्या गावात, मी राहते. हमरापूर पेणच्या पुढचे स्टेशन. हा मुलगा रोज माझ्या घरावरून जात होता. हा मजकूर मी त्याला छापण्याआधी वाचायला दिला, तेव्हा त्याने एवढीच दुरुस्ती केली: मी 'मूर्ती रंगवत होता' असे लिहिले होते. "रंग कोणीही देतो, आत्या. मी डोळ्यांची आखणी करतो."

"दादाला मी सांगू?" मी विचारले. "नको. ते कार्ड दुसऱ्याने दाखवायचं नसतं."

गणपती उठले, विसर्जने झाली, कारखाने थंडावले आणि त्याने घरी सांगितले. मी तिथे होते. दादा आवाज न चढवता म्हणाला, "आम्ही काय कमी केलं होतं तुला?" व्याकरणदृष्ट्या वाक्य बिनचूक होते. आईवडील एका बाजूला, मुलगा दुसऱ्या. त्या 'आम्ही'त धरलेल्या वहिनीने मान वर केली नाही. मी काही बोलू शकले असते. बोलले नाही, याचे मला अजून वाईट वाटते. त्यानंतर कित्येक रविवार खोके कपाटावर होते. मी जात असे, जेवत असे, परतत असे. भाच्याने बाहेरून परीक्षा देऊन पदवी पुरी करावी की नाही, यावर वाद होत. तो अजून मिटलेला नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भाचीने स्टुलावर चढून खोके खाली काढले. कोणी हो म्हटले नाही, कोणी नाही म्हटले नाही. सोंगट्या मांडून झाल्या तेव्हा दादा वर्तमानपत्र ठेवून टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला. उरलेल्यांपैकी बटलरची सोंगटी त्याने उचलली, चष्मा वर करून पाहिली. नियम त्याला सांगावे लागले नाहीत. एवढे रविवार तो खुर्चीतून काय वाचत होता, ते त्यावरून कळले.

पहिली पाळी त्याची आली. मी वाचले, "तू दार उघडतोस."

"आत काय आहे?" त्याने विचारले.

"उघडल्याशिवाय कळत नाही, बाबा," भाचा म्हणाला. "पण आम्ही चौघं मागे आहोत."

इथे 'आम्ही'च बरोबर होते. दादाने फासे उचलले.