वर आभाळ असेपर्यंत

चंद्रपुरात घरांचे नकाशे काढणाऱ्याकडे लोक मार्चपासून चकरा मारू लागतात. कुलर माळ्यावरून उतरलेला असतो, गच्ची तापायला लागलेली असते आणि घरामागची मोकळी जागा एकाएकी डोळ्यांत भरते. "फरशी टाकून घेऊ अन् वर टिना टाकून देऊ. त्याला काय परवानगी लागते जी?" फरशीला सहसा लागत नाही, टिनांना लागते. माझा अर्धा धंदा या दोन उत्तरांच्या मधे चालतो.

डिसेंबर 2020पासून मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. तिच्यात आच्छादित क्षेत्रातून वगळलेल्या गोष्टींची एक यादी येते: बाग, विहीर, कारंजं, बाक, झाडाभोवतीचा पार, उघडा चबुतरा. एवढ्या रुक्ष पुस्तकात पाराची आठवण कुणाला तरी राहिली, याचं मला अजून अप्रूप वाटतं. अट अशी की चबुतऱ्याच्या माथ्यावर छप्पर नको आणि बाजूंना भिंती नकोत. चार लोखंडी खांबांवर पत्रे चढले की तीच जागा बांधकाम ठरते. ते बांधकाम सामासिक अंतरात आलं तर शेजाऱ्याच्या एका अर्जावर नगररचना कायद्याच्या कलम 53ची नोटीस दारात येऊ शकते.

ही अट पुण्याच्या हवेत शोभते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या वर जातो; उघड्या ओट्यावर सूर्य मावळल्यानंतरही तासभर बूड टेकवत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, आवारात कडुनिंब आहे का? असेल तर ओटा त्याच्याकडे न्यायचा. झाडाची सावली कोणी चौरस मीटरमध्ये मोजत नाही. मात्र गवंड्यावर लक्ष ठेवावं लागतं, कारण त्याला काँक्रीट थेट बुंध्याला भिडवायची हौस असते. बुंध्याभोवती दोन-तीन फूट माती उघडी राहिलीच पाहिजे. शहरी भागातल्या झाडांसाठी 1975चा कायदा आहे आणि त्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणं हे तोडण्यातच धरलं आहे. आणि खाली काळी माती असेल तर ती उपसून मुरूम भरून ठोकल्याशिवाय फरशीला हात लावू नये. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फरशी दोन्हीकडून मार खाते.

जुन्या शहरात गोष्ट आणखी अवघड होते. गोंडराजांचा परकोट सुमारे अकरा किलोमीटरचा, चार दरवाजे आणि पाच खिडक्यांचा. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचा. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या 2010च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये आधी परवानगी घ्यावी लागते. भिंतच एवढी लांब की या पट्ट्यात वस्त्याच्या वस्त्या येतात. जटपुरा किंवा पठाणपुऱ्याच्या आतल्या घरमालकाला मी सांगतो, सपरी चार फूट पुढे नेणं म्हणजे आडवी वाढ, आणि कायद्याला उभी आणि आडवी वाढ सारखीच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. डागडुजीची वाट मात्र उघडी आहे. घर 16 जून 1992च्या आधीचं असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून दुरुस्ती करता येते. म्हणून अशा ठिकाणी कर आकारणीची जुनी पावती हा माझ्या लेखी नकाशाइतकाच मोलाचा कागद. लोक चिडतात. पण याच भिंतीवरची झुडपं आणि कचरा 2017पासून शहरातल्या पोरांनी हातांनी काढला आहे. तिला टेकून पत्रे ठोकायला माझं मन होत नाही.

गडचिरोलीकडे गेलं की जागेपेक्षा लाकूड महाग पडतं, आणि हे मी पैशांबद्दल बोलत नाही. घरचा साग आहे, त्याचे खांब करू, असं मालक सहज म्हणतो. साग, मोह, आंबा, जांभूळ हे सगळे 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या शेतातला साग पाडायलाही परवानगी लागते, मग लाकूड हलवायला वाहतूक परवाना. बांबूचं तसं राहिलं नाही. 2017मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू केंद्रीय वन कायद्याच्या 'वृक्ष' या व्याख्येतून बाहेर आला. त्याआधी 2011मध्ये मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने आपल्या जंगलातल्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार स्वतःकडे मिळवला होता. त्यामुळे मी बांबूचाच मांडव सुचवतो: उन्हाळ्यापुरता, वर तट्टे, आणि मृगाच्या आत उतरवलेला. तो तसाच उभा ठेवून पुढच्या वर्षी कोणी त्यावर टिना चढवल्या, की आपण पुन्हा कलम 53वर येतो.

एक गोष्ट कुठल्याच नियमावलीत नाही आणि मी ती नकाशावर पेन्सिलीने लिहितो. दुर्गापूर, मूल, चिमूर, आरमोरी, कुठेही जंगलाच्या कडेला ओटा बांधायचा तर पाठ घराच्या भिंतीकडे असावी, तोंड मोकळ्या जागेकडे, आणि समोर उजेड पडेल असा दिवा. या भागात बिबट्या दिवेलागणीला आवारापर्यंत येतो आणि खाली बसलेलं माणूस त्याला लहान दिसतं. कुंपणालगतची घाणेरी साफ ठेवावी. त्याला कोणाचीच परवानगी लागत नाही, तरी तेच काम सगळ्यात मागे पडतं. म्हणून हल्ली मी ते अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत टाकतो, मजुरीसकट.