रात्री काहीतरी हलकंच

१.
रविवार. सकाळी मिसळ, दुपारी आमरस-पुरी, पाचला चहाबरोबर खारी. साडेसातला पंख्याखालून आवाज येतो, "रात्री काहीतरी हलकंच कर." हे वाक्य बोलणारा माणूस बहुधा ओट्यापाशी उभा नसतो.

२.
हलकं म्हणून घरोघरी निघणारी नावं: मुगाची खिचडी, पिठलं-भाकरी, तांदळाची उकड, मऊभात, कुळथाची पिठी, दहीपोहे, थालीपीठ-लोणी, साबुदाण्याची खिचडी. शेवटची दोन या यादीत कशी शिरली, हे कोणी विचारत नाही.

३.
१०० ग्रॅम कोरडा साबुदाणा: सुमारे ३५० कॅलरी, प्रथिनं जवळजवळ शून्य. त्यावर दाण्याचं कूट, बटाटा, तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी.

४.
ज्वारी, बाजरी, गहू, नाचणी, तांदूळ. कुठल्याही पिठाच्या १०० ग्रॅममध्ये ३२० ते ३६० कॅलरी. मग भाकरी हलकी का वाटते? कणीक मळताना तेल, घडीत तेल, भाजताना तेल, वाढताना तूप, हे सगळं पोळीच्या खात्यावर पडतं. भाकरीला लागतं पाणी आणि हात. शिवाय ती चावायला वेळ जातो.

मात्र परातभर थापलेली भाकरी म्हणजे दोन-अडीच फुलक्यांचं पीठ. "रात्री मी एकच भाकरी खातो."

५.
कर्बोदकं ग्रॅममागे ४, प्रथिनं ४, स्निग्ध पदार्थ ९. हे कोष्टक अमेरिकेच्या विल्बर ॲटवॉटरनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलं. पाकिटांच्या पाठीवरचे हिशेब अजून त्याच्याच पाढ्यानं चालतात.

६.
फोडणी जवळून पाहिली. ठरलेलं तेल दोन चमचे. किटली वाकडी होते, धार पडते, कढईचा तळ काही झाकला जात नाही. मग "मोहरी तडतडायला नको का?" म्हणून आणखी जराशी. त्यानंतर हिंग, हळद, कढीपत्ता, आणि लसूण जळतोय असं वाटून पुन्हा थेंबभर. हीच फोडणी छोट्या कढल्यात केली तर एका चमच्यात मोहरी बुडते, लसूणही लाल होतो.

चहाचा एक चमचा तेल म्हणजे ४० कॅलरी. डाएटची पुस्तकं ओट्स आणतात, ऑलिव्ह ऑइल आणतात. कढलं कोणी आणत नाही.

७.
पाच लिटरचा डबा, चार माणसं, एक महिना. भागाकार केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० कॅलरींचं दिवसभराचं ताट आखून दिलंय. त्यात तेल-तूप २७ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम. डाळीचा भागाकार ज्यानं त्यानं आपल्या डब्यावर करावा.

८.
साडेसहाला खाल्लेलं रात्रीच्या जेवणात मोजत नाहीत. दुपारच्याही नाही.

९.
१९९५. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा सारख्याच कॅलरींचा वाटा केला आणि खाणाऱ्यांना पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतंय ते विचारत राहिले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. सगळ्यांत खाली क्रोसाँ, ४७. सगळ्यांत वर उकडलेला बटाटा, ३२३.

१०.
बटाटेवडा: तोच बटाटा.

११.
पेनसिल्व्हेनियातल्या बार्बरा रोल्स यांचा १९९९ चा प्रयोग. त्याच बायकांना जेवणाआधी एकदा भात-चिकनचा घट्ट पदार्थ दिला. एकदा तोच पदार्थ आणि सोबत ग्लासभर पाणी. एकदा तेच पाणी त्या पदार्थात घालून केलेलं सूप. सूप घेतलं त्या दिवशी त्यांनी पुढचं जेवण कमी घेतलं. पाणी ग्लासात असताना तसं झालं नाही.

१२.
दारात पाहुणा दिसला की आमटीत तांब्याभर पाणी. त्यावर आजवर कोणी निबंध छापलेला नाही.

१३.
तांदळाची उकड, दोघांसाठी. वाटीभर तांदळाचं पीठ दोन वाट्या आंबट ताकात कालवून ठेवायचं. एक चमचा तेलात मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता. त्यावर दोन वाट्या पाणी, मीठ. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हातानं ओतायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. इथे फोन वाजला तर वाजू द्यायचा. गोळा व्हायला लागला की झाकण, मंद आच, पाच-सात मिनिटं वाफ. पिठाचा कच्चा वास गेला, वर चकाकी आली की झाली. माणशी अडीचशेच्या आसपास कॅलरी. एवढ्यात जो भरलेला बाऊल पुढे येतो तो पाहून पाव खाणाऱ्याला राग येईल.

यावर कच्चं तेल घालून खायची पद्धत आहे. पद्धत चमच्यानं मोजता येते.

१४.
सासरे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे. दिवसातून दोनदाच, तेही प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. सून ऋजुता दिवेकरांची. दर दोन तासांनी थोडं थोडं, आणि तुपाला भ्यायचं नाही. नाश्त्याच्या वेळी घरात दोन पक्ष असतात. रात्री साडेआठला दोघं एकाच पातेल्यातलं पिठलं घेतात. वाद मिटत नाही, पातेलं रिकामं होतं.

१५.
"मी रात्री फक्त सॅलड घेते." काकडी, टोमॅटो, कोबी आणि वर पांढरं, दाट, बाटलीतलं काहीतरी.

१६.
खमंग काकडी. काकडीच्या १०० ग्रॅममध्ये पंधरा-वीस कॅलरी. दोन भरगच्च चमचे दाण्याच्या कुटात शंभराच्या वर. काकडी नुसती निमित्ताला.

कूट अर्धा चमचा, दही दोन चमचे, लिंबू, मीठ, जिऱ्याची चिमूटभर पूड. चव बदलते. वाईट होत नाही.

१७.
मुगाचं धिरडं. हिरवे मूग सकाळी भिजवले की संध्याकाळी तयार. आलं, मिरची, जिरं, मीठ घालून वाटायचे. आंबवायची गरज नाही. बिडाचा तवा असेल तर अर्धा कांदा काट्याला टोचायचा, तेलात जेमतेम टेकवायचा आणि त्यानं तवा पुसायचा. चर्र आवाज आला की डावभर पीठ मधोमध टाकून डावाच्या बुडानं बाहेर पसरत न्यायचं. पहिलं धिरडं तवा ठेवून घेतो, ते त्याचं. दुसऱ्यापासून कडा आपण होऊन सुटतात.

६० ग्रॅम मुगात दोन मोठी धिरडी. २०० कॅलरी, १४ ग्रॅम प्रथिनं. सोबत टोमॅटोचं सार. जेवण झालं.

१८.
मोड आलेल्या मटकीत १०० ग्रॅममागे कॅलरी कमी दिसतात, कारण निम्म्याहून जास्त पाणी आहे. मूठभर कोरड्या मटकीला मोड आणले म्हणून तिच्या कॅलरी उडून जात नाहीत. पोट मात्र वाटीभर उसळीनं भरतं. फरसाण आणि तर्रीसाठी मटकीला जबाबदार धरू नये.

१९.
कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी जैन घरांत दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. डॉक्टर मुंबईच्या माणसालाही तेच सांगतात, "साडेसातच्या आत जेवा." त्याला बदलापूरला उतरायलाच नऊ वाजतात.

२०.
उशिरा घरी येणाऱ्यांसाठी: सहाच्या सुमाराला फुटाणे, एखादं केळं किंवा ताक. मग नऊला माणूस ताटावर तुटून पडत नाही. फुटाण्याच्या पुड्या स्टेशनबाहेर मिळतात. वडेही तिथेच.

२१.
'डाएट चिवडा.' पाकीट २०० ग्रॅमचं. मागे बारीक अक्षरांत एका वेळचं प्रमाण, ३० ग्रॅम. टीव्हीवरची मालिका २२ मिनिटांची.

२२.
कमलाबाई ओगल्यांनी १९७० च्या 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं दिली आणि नवख्या मुलींचे स्वयंपाक तरले. आता मोबाइलच्या ॲपमध्ये लिहायचं असतं: वरण, १ कटोरी. घरात वाट्या चार जातींच्या. लग्नात आलेली चांदीची कपाटात. रोजची स्टीलची. आमटीची खोलगट. आणि आजोबांची, जिला वाटी म्हणायचा रिवाज आहे.

२३.
एका भाकरीत २०० कॅलरी धरल्या तर तेवढ्या उष्णतेनं दोन लिटर बर्फगार पाणी उकळीला येईल. भाकरी भाजायला लागलेला गॅस वेगळा.

२४.
बांगड्याचं तिखलं: वाटप नाही, खोबरं नाही. लाल मिरची, हळद, कोकम, तिरफळं, मीठ. मासा आपलंच तेल सोडतो. सोबत तांदळाची अर्धी भाकरी.

ताजा बोंबील: बहुतेक पाणीच. म्हणून तर तो दाबून ठेवतात, पाणी काढतात, रव्यात घोळवतात आणि जेवढं पाणी गेलं तेवढी जागा तेलाला करून देतात.

२५.
दोन अंडी, दीडशे कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर घालून घरी केलेली भुर्जी दहा मिनिटांत ताटात. गाडीवर तव्यात अंड्याच्या आधी काय पडतं ते उभं राहून बघावं आणि मग म्हणावं, "अंडं रात्रीला जड पडतं."

२६.
खिचडीत तांदूळ दोन वाट्या, मूगडाळ एक वाटी, अशी घरोघर चाल. उलटी करून पाहावी. तांदूळ एक, डाळ दोन, वर मूठभर पालक, किसलेला दुधी, गाजर. पाणी हात सैल सोडून. कॅलरींत फरक नाही म्हटलं तरी चालेल. पण साडेदहाला फ्रिज उघडला जात नाही.

सासूबाई एक घास घेऊन म्हणतात, "छान आहे. पण ही खिचडी नव्हे."

२७.
पापड भाजलेला. एकच. दुसरा मोडका होता म्हणून.

२८.
इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रात्रीचं जेवण परस्पर कमी करायचं नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं. ही ओळ गमतीची नाही.

२९.
फ्रिजच्या दारावर चिकटवलेला कागद:
सोमवार – मुगाची धिरडी, सार
मंगळवार – पिठलं, ज्वारीची भाकरी (अर्धी), कच्चा कांदा, मुळा
बुधवार – अंडाभुर्जी, दोन फुलके, काकडी
गुरुवार – मटकीची उसळ, ताक
शुक्रवार – उकड
शनिवार – कुळथाची पिठी, भात एक मूद, भाजीला दोडका
रविवार – बघू

३०.
पिठल्यात गुठळी राहिली की त्या घरात पंधरा दिवस पिठलं होत नाही. बेसन आधी गार पाण्यात सरसरीत कालवून घ्यावं. दोघांना अर्धी वाटी पुरतं. वजन कमी करण्याच्या सल्ल्यांत ही सूचना कुठे येत नाही. पण मंगळवार टिकतो तो हिच्यामुळे.

३१.
जिमला जाणारा मुलगा आईला विचारतो, "ह्यात प्रोटीन किती?" आई म्हणते, "डाळ आहे." दोघंही बरोबर बोलतात आणि दोघांनाही उत्तर मिळाल्यासारखं वाटत नाही.

३२.
सगळे मापात जेवतात. पातेल्यात डावभर खिचडी उरते, दोन फुलके उरतात, कढल्याच्या तळाशी सार. "टाकायचं कशाला?" म्हणून ते ओट्याशी उभ्याउभ्याच संपतं. घरात सगळ्यांची वजनं उतरतात, एकीचं तेवढं नाही. तिला सगळे चालायला जायचा सल्ला देतात.

३३.
डावभर खिचडी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवता येते. सकाळी तिची थालीपिठं होतात. फार खुसखुशीत होतात. तेल लागतं.